कशाने आलात?

माझ्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या बाईला गल्लीत सगळे फोटोबाई म्हणतात. ती फोटोग्राफर नाही. चौकापलीकडच्या तपासणी केंद्रात ती गरोदर बायकांची सोनोग्राफी करते. तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकीच्या हातात एक गुळगुळीत काळा-करडा फोटो असतो. त्यात दाखवणारीला सगळं दिसतं आणि बघणाऱ्याला काही नाही. तिच्या तोंडावर तिला कुणी फोटोबाई म्हणत नाही. खरं तर तोंडावर तिच्याशी फारसं कुणी बोलतच नाही.

ती माणूसघाणी नाही. पहिल्यांदा खोल्या बघायला आली तेव्हा तासभर माझ्या स्वयंपाकघरात गप्पा मारत बसली होती, आणि जाताना म्हणाली, "काकू, खोल्या बघायच्या राहिल्याच की!" लग्न केलेलं नाही. शिडशिडीत, चष्मा डोक्यावर सरकवलेला, उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली. दिवसभर यंत्राचा दांडा पोटावर दाबून धरायचा, त्याने तो उतरलाय. अंधाऱ्या खोलीतून उन्हात आली की थोडा वेळ ती दारातच उभी राहते, डोळे सरावेपर्यंत. गल्लीतल्या पोरांना वाटतं ती कुणाची तरी वाट बघतेय.

तिची ती खोली मी एकदा पाहिली आहे. माझ्या पोटात दुखायचं तेव्हा तिनेच नेलं होतं. खिडकीला जाड पडदा, पलंगावर कागदाची लांब पट्टी, कोपऱ्यात कोमट पाण्याच्या भांड्यात जेलची बाटली. "थंड जेल पोटावर पडलं की बाई दचकते, आणि बाई दचकली की बाळ पळतं," ती म्हणाली. समोरच्या भिंतीवर दुसरा पडदा, बाईला बघता यावं म्हणून. आणि काम करताना ही अखंड बोलत असते. हे डोकं, हे हृदय, हे पोट, ही मांडी. पूर्वी ती गप्प राहून काम करायची, पण गप्प राहिलं की बायका घाबरतात, असं तिच्या लक्षात आलं.

मात्र काय आढळलं ते सांगायचं नाही, हा तिथला नियम. मापं घ्यायची, चित्रं साठवायची, आणि ती शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांकडे पाठवायची. सांगणार ते. हा नियम तिला जाचत नव्हता. "एकाच तोंडाने सांगितलं तर बाई ऐकते काकू. दोन तोंडांनी सांगितलं, तर ती तिसऱ्याला विचारायला जाते."

नाळ म्हणजे काय बघायचं असतं, ते तिने मला एकदा भाजी निवडताना समजावलं. आडवी दिसली की नाळेत तीन भोकं दिसतात, एक मोठं आणि दोन लहान. मोठ्यातून रक्त बाळाकडे येतं, लहानांतून परत जातं. पडद्यावर ते उंदराच्या तोंडासारखं दिसतं, एक डोकं आणि दोन कान.

"आणि एकच कान दिसला तर?"

"तर मला तहान लागते," ती म्हणाली. "तशी बरीच बाळं ठणठणीत असतात हो. पण कधीकधी एक कान नसला की मागे आणखी काहीतरी नसतं. मूत्रपिंड, नाहीतर हृदयाचा एखादा पडदा. मग सगळं पहिल्यापासून पुन्हा बघायचं. शांतपणे, आणि तोंडावरची सुरकुती न हलवता."

सुरकुती हलत नसे, पण तिच्याही नकळत एक गोष्ट घडू लागली होती. कधीकाळी एका बाईला डॉक्टरांनी वाईट बातमी दिली, आणि ती बाई एकटीच असल्यामुळे संध्याकाळपर्यंत बसथांब्यावर बसून राहिली होती. एकामागून एक बस जात होत्या. फोटोबाईने ते खिडकीतून पाहिलं. तेव्हापासून चित्रात काही वावगं दिसलं की ती सहज विचारल्यासारखं विचारायची, "कशाने आलात?" बाई एकटी आलीय असं कळलं की हळूच बाहेर जाऊन स्वागतकक्षातल्या मुलीला सांगायची, हिच्या घरी फोन कर, कुणीतरी आल्याशिवाय हिला डॉक्टरांकडे सोडू नकोस.

बाहेरच्या बाकावरच्या बायका काही दुधखुळ्या नव्हत्या. ज्यांना हा प्रश्न विचारला गेला त्या रडत बाहेर पडतात आणि ज्यांना विचारला नाही त्या हसत, हे त्यांनी केव्हाच हेरलं. मग खोलीतून कुणी बाहेर आली की बाकावरून पहिला प्रश्न हाच, "विचारलं का गं?" "नाही विचारलं." "मग सुटलीस!" डॉक्टरांचा रिपोर्ट नंतरची गोष्ट.

हे गल्लीतही पसरलं. एकदा माझी जाऊबाई दोन पिशव्या घेऊन धापा टाकत जिन्यापाशी आली, तर फोटोबाई सौजन्याने म्हणाली, "अरे वा, कशाने आलात?" मागे उभी असलेली शेजारची गरोदर सून पांढरीफटक पडली. जाऊबाईच्या कानावर हे प्रकरण आधीच माझ्याकडून गेलं होतं. ती पिशव्या खाली ठेवून म्हणाली, "अगं बाई, सत्तरी ओलांडल्यावर आता मला काय निघणार?" आम्ही दोघी पोट धरून हसलो. फोटोबाईला कळेचना. मग मी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. त्यानंतर ती जिन्यात कुणाला काहीच विचारीनाशी झाली. केंद्रात मात्र विचारत राहिली, एकटीला तसंच सोडवत नव्हतं म्हणून.

ज्यांची बाळं नीट असत त्या तिला विसरत. ज्यांची नसत त्या भाजीच्या दुकानात ती दिसली की रस्ता ओलांडत. तिला त्यांचा राग नव्हता. "माझं तोंड बघितलं की त्यांना तो पडदा आठवतो," एवढंच म्हणायची, आणि चार मिरच्या घेऊन घरी यायची.

तिला सख्खं असं एकच माणूस होतं, तिची भाची. मोठी बहीण आजारपणात गेली तेव्हा ही पोर शाळेत होती आणि बाप बदलीच्या नोकरीत गावोगाव फिरत होता. पोर वरच्या खोल्यांत मावशीकडे आली आणि तिथूनच तिचं लग्न झालं. बहीण गेली त्या वेळी भेटायला आलेलं कुणीतरी म्हणालं होतं, माय मरो पण मावशी उरो. फोटोबाईला ती म्हण मुळीच आवडत नसे. म्हणायची, "पहिला अर्धा भाग म्हणताना लोकांची जीभ कशी चालते?"

लग्नानंतर भाची दर रविवारी येई. तिच्या पायांचा आवाज जिन्यावर दणदण होई, आणि वरून ओरडा येई, "हळू! काकूंचं छत पडेल!" त्या दिवशी वरती भांड्यांचा आवाजही वेगळा यायचा.

भाचीला दिवस गेले. मधल्या महिन्यांतली मोठी तपासणी असते, बाळाचा अवयव नि अवयव बघतात ती. तिने हट्ट धरला की ती मावशीनेच करायची. आपल्या नात्यातल्या बाईला आपण तपासायचं नाही, असं केंद्रात ठरलेलं होतं. पण त्या दिवशी दुसरी तंत्रज्ञ रजेवर होती, आणि डॉक्टर म्हणाले, "करा तुम्हीच, चित्रं मीच बघणार आहे ना?" खोलीत काय घडलं ते मला नंतर दोघींनीही सांगितलं, आणि दोघींच्या सांगण्यात फरक नव्हता.

भाची पलंगावर पडल्या पडल्या बडबडत होती. भाचेजावई कामासाठी परगावी गेले होते, म्हणून ती एकटीच बसने आली होती.

"ही पाठ," मावशी म्हणाली. "मणी ओवल्यासारखी दिसतेय बघ."

"आणि नाक? नाक कुणाचं आहे?"

"नाक अजून कुणाचंच नाही."

"सासूबाईंचं नसलं म्हणजे मिळवलं."

"गप्प बस. तू हसलीस की माझं चित्र हलतं."

मग मावशीने रंग सुरू केला. रक्त वाहतं तिथे पडद्यावर लाल-निळं दिसतं. बाळाच्या मूत्राशयाच्या दोन्ही बाजूंनी दोन रक्तवाहिन्या वर जाताना दिसायला हव्यात. तिला एकाच बाजूची दिसली. दांडा फिरवून तिने नाळ आडवी धरली. एक डोकं, एक कान. मग ती मूत्रपिंडांकडे गेली. उजवं दिसलं. डावीकडे बाळ असं मुडपून झोपलं होतं की तिथे काही आहे की नाही, तेच कळेना.

"प्रश्न ओठांपर्यंत आला होता काकू," ती मला म्हणाली. "आणि मी तो गिळला. तिला त्याचा अर्थ माहीत होता ना! तिच्यासमोर मीच तर तुमच्या जावेची गोष्ट सांगितली होती. मला वाटलं, दहा मिनिटांत डॉक्टर बोलावतीलच. तेवढा वेळ तरी तिने बाकावर थरथरत का बसावं?"

ती बोलत राहिली. ही मांडी, हे पाऊल. मग पोटावर कागद ठेवून म्हणाली, "पूस आता. बाहेर बस. डॉक्टर बोलावतील, तोवर जाऊ नकोस." आणि पुढच्या बाईला आत घेतलं.

बाहेर बाकावरून नेहमीचा प्रश्न आला. "विचारलं का?"

"नाही!" भाची म्हणाली.

"मग बसलीस कशाला? रिपोर्ट काय, उद्याही मिळतो."

भाची एका शाळेच्या ऑफिसात काम करते आणि अर्ध्या दिवसाची रजा संपत आली होती. ती उठली, स्वागतकक्षातल्या मुलीला 'उद्या येते' म्हणाली आणि निघाली. रस्त्यातूनच नवऱ्याला फोन केला, सगळं छान आहे, मावशीने विचारलंसुद्धा नाही. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा ती बसमध्ये दांडा धरून उभी होती. नाळेत एक रक्तवाहिनी कमी आहे, घाबरू नका, पण डावं मूत्रपिंड दिसत नाही, हृदयही तज्ज्ञांकडून बघून घ्यायला हवं, तुम्ही परत या. शेजारच्या माणसाने जागा दिली, पण तिला बसायचं सुचलं नाही. ती भलत्याच थांब्यावर उतरली आणि किती वेळ कुठे चालत होती, ते तिला सांगता आलं नाही.

संध्याकाळी ती आली. जिना दणदणला नाही. मी खाली कपडे घडी करत होते. कॉन्व्हेंट शाळेत आम्हाला शिकवलं होतं की दुसऱ्यांचं खासगी बोलणं कानावर पडू लागलं तर खोकावं, म्हणजे त्यांना कळतं. मी खोकले. वर कुणालाही ऐकू गेलं नाही.

"तू विचारलं नाहीस."

"अगं, मी थांब म्हणाले होते ना?"

"थांब तू सगळ्यांनाच म्हणतेस! तो प्रश्न सगळ्यांना विचारत नाहीस. मी एकटी आले होते मावशी. तुला माहीत होतं."

"माहीत होतं म्हणूनच तर..."

"रस्त्यावरच्या बाईच्या घरी फोन करतेस. माझ्या वेळी काय झालं? नवऱ्याला आनंदाची बातमी देऊन झाली होती माझी. सासूबाईंनाही. मग बसमध्ये फोन येतो, बाळाला किडनी आहे की नाही माहीत नाही म्हणून!"

"मला वाटलं तेवढाच वेळ..."

"तुझं तोंड बघून मला कळायला हवं होतं. पण तुझ्या तोंडावर काही दिसतच नाही. कधीच दिसलं नाही. आई गेली तेव्हाही नाही."

भाची खाली उतरली, माझ्या दारापाशी क्षणभर थांबली, आणि "येते काकू" म्हणून गेली.

त्यानंतर रविवार नुसते रविवारच राहिले. भाची मोठ्या हॉस्पिटलात जाऊ लागली. फोन केला तर भाचेजावई उचलत. भला माणूस, पण दोन दगडांवर पाय. "ती झोपलीय मावशी." एकदा त्यांनीच कळवलं की हृदय चांगलं आहे. डाव्या मूत्रपिंडाचं अजून नक्की कळत नाही. बाळाची वाढ जरा कमी आहे, म्हणून वरचेवर बघतात. पुढच्या तपासण्या साधारण केव्हा असतील, ते फोटोबाईला ठाऊक होतं. अशा दिवसांत ती कामावरून लवकर येई आणि फोन मांडीवर घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसे, कारण आमच्याकडे तिथे आवाज नीट येतो. तिथे दिवा नाही. मी चहा घेऊन वर गेले की ती कप घेई आणि म्हणे, "तुम्ही कशाला चढलात?"

केंद्रातली आपली पद्धत तिने बदलली. आता बाई खोलीत शिरली की पहिलंच वाक्य, "या. कशाने आलात?" सगळ्यांना, चित्र सुरू करण्याआधीच. पहिल्या दिवशी बाकावर हाहाकार उडाला. एकजण तर पलंगावर न चढताच रडत बाहेर आली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. पण हळूहळू बायकांना सवय झाली आणि त्या प्रश्नाचं काही वाटेनासं झालं. आता बाकावर बसून कुणालाच काही ओळखता येत नाही. सगळ्या डॉक्टरांची वाट बघतात.

"हे आधीच सुचलं असतं तर..." ती एकदा म्हणाली.

बाळ झाल्याचा निरोप आला तोही भाचेजावयांकडून. लहानसं आहे, पण रडणं खणखणीत आहे. मी म्हटलं, "चल, जाऊन ये."

"बोलावलं नाही तर कशी जाऊ?"

"मावशीला बोलावणं लागतं का?"

"मावशीला नाही लागत," ती म्हणाली. "फोटोबाईला लागतं."

हे नाव तिला माहीत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आणि मग एका सकाळी भाचीचाच फोन आला. बाळाच्या मूत्रपिंडांची सोनोग्राफी होती, मोठ्या हॉस्पिटलात. तू ये.

"मी तपासणार नाही हं," फोटोबाई घाईघाईने म्हणाली.

"तपासायला कोण सांगतंय? माझ्या शेजारी बसायला ये."

ती मला म्हणाली, "काकू, तुम्ही पण चला ना." एवढी वर्षं बायकांना आत घेणारी ही बाई त्या दिवशी रिक्षात माझा हात धरून बसली होती.

त्या हॉस्पिटलात तिला कुणी ओळखत नव्हतं. लांबलचक व्हरांडा, एकमेकींना जोडलेल्या खुर्च्या, औषधाचा वास. भाची दुरून येताना दिसली. वाळली होती. बाळ तिच्या छातीशी दुपट्यात, नवरा मागे पिशव्या घेऊन. दोघी बाळाकडेच बघत राहिल्या. मी मात्र तोंडभर बोलले, काय बोलले ते देव जाणे. नाव पुकारलं गेलं. आई-बाप आणि मावशी आत गेले. मी पिशव्यांपाशी बसले.

थोड्या वेळाने दार उघडलं आणि फोटोबाई एकटीच बाहेर आली. माझ्या शेजारी येऊन बसली, दोन्ही हात मांडीवर.

"काय झालं?"

"हाकललं मला," ती म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं की रडू, ते मला सांगता येणार नाही.

आतली तंत्रज्ञ तरुण मुलगी होती आणि एकही शब्द न बोलता काम करत होती. भाचीने पडद्याकडे बघितलंच नाही. बाळाला धरून ती सारखी मावशीच्या तोंडाकडे बघत राहिली. "डोळे रोखून बघत होती काकू. आणि मला वाटलं, आता तोंड हललं नाही तर ही पुन्हा कधी माझ्याकडे बघणार नाही."

"मग?"

"मग मी बोलले. म्हटलं, उजवं चांगलं आहे. मोठं आहे, दोघांचं काम एकटं करील. डावं नाहीये, राणी. तिथे नाहीच आहे ते." तिने चष्मा डोक्यावरून काढला आणि पुन्हा तिथेच ठेवला. "ती मुलगी म्हणाली, बाई, हे डॉक्टर सांगतात, तुम्ही बाहेर थांबा. बरोबरच होतं तिचं. मीही हेच म्हणाले असते."

"आणि भाची?"

"रडली. पण सांगितल्यावर रडली, बघा. मी समोर असताना."

दार पुन्हा उघडलं. भाची बाळाला घेऊन आली, डोळे सुजलेले. आमच्याजवळ आली आणि बाळ मावशीच्या मांडीवर दिलं. "धर. पोटावर जेल राहिलंय, पुसायचंय." मावशीने पदराच्या टोकाने त्या इवल्याशा पोटावरून जेल पुसलं. एवढ्या पोटांवर तिने जेल लावलं, पण पुसायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. पुसायचं काम बाईचं असतं. तिचा हात फारच हळू चालला होता. बाळ दचकलं नाही.

पलीकडच्या दारातून नर्सने हाक मारली. डॉक्टर रिपोर्ट समजावणार होते. "फक्त आई-वडील," ती म्हणाली. भाचीने बाळ उचललं. दारापर्यंत गेली आणि वळली.

"थांबणार आहेस ना?"

"थांबते."

दार बंद झालं. फोटोबाई खुर्चीच्या कडेला बसली होती, ओलं पदराचं टोक मुठीत धरून. आत भाचीला आता तेच पुन्हा ऐकावं लागणार होतं, या वेळी सावकाश, मोठ्या शब्दांत. व्हरांड्यातून लोक जात-येत होते आणि त्यांच्यातलं कुणीही तिच्याकडे बघून रस्ता बदलत नव्हतं. मी म्हटलं, जरा मागे टेकून बस, खांदा दुखेल. ती टेकली नाही. दाराकडे बघत बसून राहिली.